ईश्वरनिष्ठा आणि धर्मसत्ता : पंडिता रमाबाईंच्या भूमिकेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) धर्मांतराची चर्चा महाराष्ट्रात प्रामुख्याने हिंदू समाजाशी झालेल्या त्यांच्या संघर्षाच्या अंगाने होत आली. ख्रिस्ती झाल्यानंतर तेथील धर्माधिकाऱ्यांशीही त्यांचा तीव्र मतभेद झाला, ही बाब त्या चर्चेत मागे पडते. ईश्वरावर विश्वास ठेवणे आणि ईश्वराच्या नावाने आज्ञा देणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवणे या दोन भिन्न गोष्टी होत, हा या मतभेदाचा गाभा होता.

इंग्लंडमधील मतभेद :
२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढील वर्षी त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातील अँग्लिकन बिशपांनी विरोध दर्शविला. ज्या गोष्टीला आपल्या वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही, तिला इंग्रजांनी हरकत घ्यावी याचे रमाबाईंना आश्चर्य वाटले.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता होत्या. नवख्रिस्ती व्यक्तीने चर्चच्या अधिकारापुढे नम्र असावे, अशी त्यांची अपेक्षा होती. १८८५ च्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी ती नाकारली. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने झुगारल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचा प्रत्येक शब्द परमेश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. जे मत बायबलमध्ये आढळत नाही, ते केवळ चर्च सांगते म्हणून मानण्याचे बंधन त्यांना मान्य नव्हते. क्रूसावरील लॅटिन अक्षरांसही त्यांनी आक्षेप घेतला. भारतीय स्त्रियांना परक्या असलेल्या त्या भाषेपेक्षा संस्कृत त्यांना अधिक उचित वाटली.

हा विरोध वैराचा नव्हता. सिस्टर जेराल्डिन यांना त्या ‘आजीबाई’ असे संबोधीत. आपुलकी आणि आज्ञापालन यांत त्यांनी भेद केला. हीच पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी जतन केली व १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रकाशित केली.

भूमिकेची किंमत :
११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास हलविण्यात आले. सदनातील विधवा विद्यार्थिनी ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. अशा रीतीने एकीकडे चर्चच्या अधिकाऱ्यांना त्या अवज्ञाकारी वाटल्या, तर दुसरीकडे सुधारकांचा पाठिंबाही त्यांनी गमावला. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या लिहितात की, आपणास प्रथम ख्रिस्ती धर्म लाभला होता. त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मात्र नंतर सापडला. संस्था आणि श्रद्धा यांतील अंतर येथे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून नोंदविले आहे.

तथापि त्या संस्थांपासून अलिप्त राहिल्या नाहीत. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनीच उभारले आणि तेथे त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. म्हणजेच ज्या प्रश्नाने त्यांना चेल्टनहॅम येथे अस्वस्थ केले, तोच त्यांच्या संस्थेसही लागू होत होता. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचा त्यांचा दीर्घ प्रयत्न या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरतो. अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती मूळ वचन आले, म्हणजे तिला पुरोहिताचीच नव्हे, तर रमाबाईंचीही मध्यस्थी अपरिहार्य राहत नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

समारोप :
रमाबाईंच्या विचारात ईश्वरनिष्ठा हा विवेकाचा त्याग नसून त्याचा आधार आहे. विवेकबुद्धी ही ईश्वरदत्त असल्याने ती दुसऱ्या माणसाच्या स्वाधीन करणे त्यांना श्रद्धेशी विसंगत वाटले. धर्मांतर म्हणजे एका धर्मसत्तेकडून दुसरीकडे जाणे, हे समीकरण त्यामुळे त्यांच्या बाबतीत अपुरे पडते. त्यांच्या चरित्राचा अभ्यास करताना हा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे.