चूक कोणी नोंदवायची?

अमेरिकी इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांचे 'वेट टिल नेक्स्ट इयर' हे बालपणीच्या आठवणींचे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्या सहा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांच्या हाती लाल रंगाचे एक स्कोअरबुक दिले आणि बेसबॉलचा सामना खुणांच्या भाषेत कागदावर कसा उतरवायचा ते शिकवले. वडील दिवसभर कामावर असत. दुपारी रेडिओवर ब्रुकलिन डॉजर्सचा सामना लागे, मुलगी तो वहीत टिपून घेई आणि संध्याकाळी त्या वहीच्या आधाराने वडिलांना सगळा सामना पहिल्यापासून सांगे. हे सारे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात सविस्तर छापून येते, ही गोष्ट वडिलांनी तिला सांगितली नाही. आपण सांगितले नाही तर बाबांना काही कळणारच नाही, या समजुतीत ती सांगत राहिली.

आज अमेरिकेत मुलांच्या बेसबॉल सामन्यांची नोंद मोठ्या प्रमाणावर मोबाइल ॲपवर होते आणि घडताक्षणी सर्वांना दिसते. या बदलाकडे केवळ सोयीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. आम्हांला त्यात एका जुन्या लेखनप्रकाराचे स्थित्यंतर दिसते आणि त्याचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

बेसबॉलच्या नोंदपद्धतीला रूप देणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्रज. १८२४ साली एक्झिटर येथे जन्मलेला हा मुलगा लहानपणीच ब्रुकलिनला आला आणि प्रथम क्रिकेटचा वार्ताहर झाला. क्रिकेटच्या धावफलकाचा साचा बेसबॉलला बसवून त्याने १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून वर्तमानपत्रांतून सामन्याचे कोष्टक रूढ केले. त्याचा थोरला सावत्र भाऊ एडविन चॅडविक म्हणजे इंग्लंडमधील श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवर १८४२ साली गाजलेला अहवाल लिहिणारा सुधारक. एका भावाने रोगराई मोजली, दुसऱ्याने खेळ! मोजले की दोष सापडतो आणि सापडला की सुधारता येतो, ही त्या शतकाची श्रद्धा दोघांतही दिसते. चेंडू चुकीचे पडल्यामुळे फलंदाजाला पहिला तळ फुकट मिळाला, तर त्यात फलंदाजाचे कर्तृत्व काहीच नाही, तो पिचरचा दोष, असे हेन्रीचे ठाम मत होते.

याच दृष्टीतून बेसबॉलच्या कोष्टकात 'चूक' हा रकाना प्रतिष्ठित झाला. क्रिकेटशी परिचित असलेल्या मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. आपल्या क्रिकेटच्या धावपुस्तकात सुटलेल्या झेलाला रकाना नाही. प्रेक्षक हळहळतात, समालोचक बोलतात, पण वही गप्प राहते. बेसबॉलच्या फलकावर मात्र धावा आणि हिट यांच्या शेजारीच चुकांचा आकडा झळकतो. बिल जेम्स या अभ्यासकाने १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते की हा आकडा इतर आकड्यांच्या जातीचा नाही. इतर आकडे काय घडले ते सांगतात. चूक सांगते की काय घडायला हवे होते, आणि तेही नोंद करणाऱ्याच्या मते. कोष्टकात बसलेला तो समीक्षेचा तुकडा आहे.

मोठ्या लीगमध्ये ही समीक्षा नेमलेला अधिकृत गुणलेखक करतो. मुलांच्या सामन्यात ती कोणा तरी आईवडिलांकडे येते. विल्यम्सपोर्ट या पेन्सिल्व्हेनियातील गावात कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली तीन संघ घेऊन लिटल लीग सुरू केली. तिचा पहिला सामना २३–८ असा सुटला. इतक्या धावांत हिट किती आणि हातून निसटलेले चेंडू किती, हे ठरवणे म्हणजे केवढा गुंता!

समजा, चेंडू घरंगळत शॉर्टस्टॉपकडे गेला आणि त्याच्या ग्लोव्हखालून निसटला. वहीत हिट लिहावी तर फलंदाजाची सरासरी वाढते आणि शॉर्टस्टॉप निर्दोष ठरतो. पण पुढे त्यावर धाव झाली तर ती पिचरच्या माथी येते. चूक लिहावी तर पिचर सुटतो, पण फलंदाजाची सरासरी घसरते आणि शॉर्टस्टॉपच्या नावापुढे डाग लागतो. पेन्सिलीच्या एका खुणेत तीन मुले गुंतलेली असतात. त्यांतले एखादे लिहिणाऱ्याचेच असते. कागदाच्या काळात ती खूण वहीत राहत असे. रबराने पुसता येई, आणि प्रशिक्षकाखेरीज ती पाहणारेही मोजकेच.

२००९ साली गेमचेंजर हे ॲप आले आणि ती वही मैदानाबाहेर उघडी पडली. पुढे २०१६ साली क्रीडासाहित्य विकणाऱ्या डिक्स या कंपनीने ते विकत घेतले. नोंद करण्याची रीत पाहिली तर मूळ व्याकरण चॅडविकच्या परंपरेचेच आहे: चेंडू कोठे गेला, कोणी अडवला, कोणाकडे फेकला. फरक आहे तो वाचकांत. खूण उमटताच बाकावर बसलेले पालक ती वाचतात आणि दूरच्या राज्यातली आजीही वाचते. नऊ वर्षांच्या मुलाची सरासरी तीन दशांश स्थळांपर्यंत आपोआप निघते. निवाडा देणारा मात्र त्याच पालकांच्या घोळक्यात बसलेला असतो. त्याचा हात हिटकडे झुकू लागला, तर त्यात नवल ते काय? दोन्ही संघ आपापली नोंद ठेवतात तेव्हा तोच चेंडू एकीकडे हिट आणि दुसरीकडे चूक ठरू शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दृश्य परिचयाचे वाटेल.

कथनाचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. शिकागोच्या नॅरेटिव्ह सायन्स या कंपनीच्या संगणकप्रणालीने या नोंदींवरून सामन्यांचे वृत्तान्त आपोआप लिहायला घेतले. २०११ या एका वर्षात मुलांच्या सामन्यांचे असे सुमारे ४ लाख वृत्तान्त तयार झाले. त्यांतला एकही वृत्तान्त लिहिण्यासाठी सामना पाहावा लागला नव्हता.

तरीही सरसकट गळा काढणे आम्हांला मान्य नाही. लिटल लीगने २००७ पासून पिचरच्या फेकींवर संख्येची मर्यादा घातली. ११–१२ वर्षांच्या मुलाला आज दिवसाला ८५ फेकींची मुभा आहे, आणि ६६ किंवा अधिक फेकी झाल्या तर त्यानंतर चार दिवस विश्रांती सक्तीची आहे. वाढत्या वयातील कोपर सांभाळण्यासाठी हा नियम आहे. येथे मताला जागा नाही, आणि जिंकण्याच्या भरात एखाद्या प्रशिक्षकाला आकड्याचा विसर पडू लागला तर तो आकडा बाकावरच्या प्रत्येकाला दिसत असणे हेच मुलाचे संरक्षण ठरते. चॅडविक बंधूंपैकी थोरल्याला हा रकाना अधिक आवडला असता.

जतनाचा प्रश्न उरतोच. डेव्हिड स्मिथ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने १९८९ साली रेट्रोशीट हा उपक्रम सुरू केला आणि जुन्या व्यावसायिक सामन्यांच्या नोंदी संघांकडून, पत्रकारांकडून, हौशी प्रेक्षकांकडून गोळा केल्या. ते शक्य झाले, कारण कोणी तरी जुन्या वह्या टाकून दिल्या नव्हत्या. मुलांच्या आजच्या नोंदी एका कंपनीच्या संगणकांत आहेत. त्या तेथे किती काळ राहाव्यात, हे त्या मुलांना कोणी विचारलेले नाही. आणि दहाव्या वर्षी ग्लोव्हखालून निसटलेला चेंडू विसाव्या वर्षी कोणाला सापडावा का, हेही नाही.

सामना संपवून मूल मोटारीत येऊन बसते, तोवर घरच्यांना सगळे कळलेले असते. गुडविन यांच्या वडिलांनाही ते कळण्याची सोय होतीच. संध्याकाळी ते मुलीला विचारत, आज काय झाले, आणि वर्तमानपत्राचा विषय काढत नसत.