चार सूत, बारा आटे

इंजिनाच्या ब्लॉकमधले आटे गेले की दोष ठरलेला असतो: कुणीतरी पाना जास्त ओढला. बहुतेक वेळा ते खरेही असते. ओतीव लोखंडाचा ब्लॉक काय आणि ॲल्युमिनियमचे हेड काय, पोलादी बोल्टापुढे दोन्ही कमजोर. जोर वाढला की भोकातल्या आट्यांचा भुगा होतो आणि बोल्ट शाबूत राहतो. पण बीड जिल्ह्यातल्या फिटर-टर्नरच्या धंद्याचा इतिहास एवढ्या एका कारणाने उलगडत नाही. इथल्या गॅरेजांत मापांच्या तीन पद्धती एकामागून एक आल्या आणि नवी आली म्हणून जुनी गेली नाही. त्या तिन्हींच्या गर्दीत कोणता आटा कोणाचा हे ओळखणे हेच या धंद्याचे मोठे कौशल्य होते. आटे पाडणे त्यानंतरचे काम होते.

पहिले माप इंग्रजी. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाच्या रेल्वेने १९३२ मध्ये रस्त्यावरची बससेवा सुरू केली ती २७ गाड्यांनिशी, आणि त्या गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. विहिरींसाठी मिळणारी लिस्टर धाटणीची ऑइल इंजिनेही मूळची इंग्रजच. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्यांच्या नकला केल्या. या यंत्रांमागे जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेले माप होते: आट्याचा कोन ५५ अंश आणि अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंचामागे १२ आटे. हे माप इथे परके वाटले नसावे, कारण सुतार-लोहारांच्या तोंडी सूत होतेच. आठ सुतांचा इंच, म्हणून अर्धा इंच म्हणजे चार सूत. व्हिटवर्थच्या मापाला देशी नाव मिळाले आणि ते भाषेत रुतून बसले. आजही गज विकत घेताना लोक सुतातच बोलतात.

स्वातंत्र्यानंतर महिंद्राने जीप जुळवायला घेतली. ती अमेरिकी आट्यांची, म्हणजे दुसऱ्या मापाची. १९४८ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन यांनी मिळून त्याच धर्तीचे ६० अंशांचे एक सामाईक माप मान्य केले. पुढे ॲम्बेसेडरचे इंजिन आणि मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर हेच माप घेऊन आले. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझशी करार केला आणि जर्मन धाटणीचा ट्रक तिसरे माप, मिलिमीटरचे आटे, घेऊन आला. १९५६ चा मापांचा कायदा आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेली मेट्रिक पद्धत यांनी बाजारातला शेर-मण हटवला. इंजिन मात्र कायद्यापेक्षा जास्त जगते. विहिरीवर बसवलेले इंजिन तीस-तीस वर्षे चालते आणि आपले आटे बरोबर वागवते.

आता एकाच गॅरेजमध्ये या तिन्ही मापांची यंत्रे दुरुस्तीला आली तर काय होते ते पाहा. तीन सूत म्हणजे पाऊण इंचाचा अर्धा भाग. त्या मापात इंग्रजी आणि अमेरिकी दोन्ही बोल्टांना इंचामागे १६ आटे असतात. फरक फक्त कोनाचा, ५५ आणि ६० अंशांचा. म्हणून बोल्ट गुपचूप आत जातो, आट्याच्या पूर्ण अंगावर न टेकता थोड्याशा जागेवर टेकतो आणि धक्क्याधक्क्याने भोक खात राहतो. चार सुतात गोष्ट वेगळी: इंग्रजीला १२ आटे, अमेरिकीला १३. बोल्ट दोन-तीन फेरे सरळ जातो आणि अडतो. ‘गंज असेल’ असे समजून कुणी पान्याला पाइप लावला की भोक संपले. सगळ्यात फसवे अडीच सूत आणि ८ मिलिमीटर. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, डोळ्याला दोन्ही एकच. पण एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचे अंतर एकीकडे १.४१ आणि दुसरीकडे १.२५ मिलिमीटर. पाने आणखी गोंधळ घालत: इंग्रजी पान्यावर बोल्टाची जाडी लिहिलेली असे, अमेरिकी आणि मिलिमीटरच्या पान्यावर डोक्याची रुंदी. म्हणूनच ‘हात जास्त पडला’ हे स्पष्टीकरण अर्धेच आहे. हात का पडला, तर बोल्ट अडला म्हणून. आणि बोल्ट अडला तो बऱ्याचदा चुकीचा होता म्हणून.

कुणी म्हणेल, हे सगळ्या देशात घडले, त्यात बीडचे काय? हरकत रास्त आहे. मापांचा गोंधळ बीडने निर्माण केला नाही. पण तो सोसायला इथे वेळ आणि वाव दोन्ही कमी होते. जिल्ह्यातल्या परळीला रेल्वे निजामकाळापासून आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणी, बीड शहरात, पहिली रेल्वेगाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर शहरातला सुटा भाग ट्रकने किंवा एसटीने यायचा. दुसरे कारण ऊसतोड. गळीत हंगामात ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या थांबल्या की मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेली टोळी फडात बसून राहते. कोयत्यामागे दोन माणसे, त्यांच्यामागे पोरंबाळं, आणि घेतलेली उचल तर फेडायचीच. अशा वेळी ‘नवे हेड मागवा’ हा सल्ला उपयोगाचा नसतो. दुरुस्ती आजच व्हावी लागते.

‘हे सगळे जुगाडच की!’ ही दुसरी हरकत मला जास्त टोचते, कारण त्यात कारागिराच्या बुद्धीचा अपमान आहे. आटे गेलेल्या भोकाचे उपाय मोजके आहेत आणि प्रत्येकाला हिशेब आहे. १० मिलिमीटरच्या बोल्टाचा आटा दीड मिलिमीटरचा, म्हणून भोक साडेआठचे. बोल्टाच्या मापातून आट्याचे अंतर वजा करायचे. सोपा उपाय म्हणजे भोक वाढवून १२ चा टॅप मारायचा, म्हणजे मोठे आटे नव्याने पाडायचे. पण भोकाच्या शेजारी पाण्याचा मार्ग असेल तर भिंत पातळ होते आणि तडकते. कुठे थांबायचे हे ज्याला कळते तोच खरा फिटर. दुसरा उपाय लेथवर बूश काढण्याचा: बाहेरून मोठे आटे, आतून मूळचे, आणि बूश फिरू नये म्हणून सांध्यावर एक पिन. तिसरा तारेच्या वेटोळ्याचा, ज्याला गॅरेजमध्ये हेलिकॉइल म्हणतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत निघालेले हे स्टेनलेसचे वेटोळे दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या ॲल्युमिनियम इंजिनांत नवेपणीच बसवले जात असे. १० च्या बोल्टासाठी भोक सुमारे १०.४ करून खास टॅप मारला की वेटोळे बसते आणि मूळचा बोल्ट परत चालतो. ॲल्युमिनियममध्ये असा आटा मूळच्यापेक्षा मजबूत ठरतो, हे विमानांच्या कारखान्यांनीच मान्य केले होते. मग तेच गेवराईच्या किंवा माजलगावच्या रस्त्याकडेला झाले तर त्याला जुगाड का म्हणावे?

दोष काढायचाच तर वेगळ्या जागी काढावा लागेल. चार बोल्टांपैकी एक भोक १० चे १२ केले आणि ते कुठेही लिहून ठेवले नाही, तर पुढच्या मिस्त्रीला ते कळत नाही. तो चारही बोल्ट सारख्याच मापाचे आणतो आणि त्यातला एक भोकात सैल पडतो. नवे ट्रॅक्टर आता मिलिमीटरचेच येतात, म्हणून तीन मापांचा पेच हळूहळू सुटतो आहे. पण जुन्या मॅसीच्या ब्लॉकमध्ये कुठे तेरा आटे, कुठे कुणीतरी दिलेले मिलिमीटरचे भोक, कुठे बूश, अशी वस्ती अजून आहे, आणि टॅप हातात घेण्याआधी प्रत्येक भोकाला आट्यांमधले अंतर मोजणारे पिच गेज लावून पाहावेच लागते.