कॅलिफोर्नियातील मतदारसंघ पुनर्रचना आणि मतदारांचा कौल (२००८-२०२५)

प्रस्तावना :
मतदारसंघांच्या सीमा आखण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींकडेच असणे म्हणजे परीक्षार्थ्यानेच स्वतःची प्रश्नपत्रिका काढणे होय. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना होते. कॅलिफोर्नियात हा अधिकार दीर्घकाळ राज्य विधिमंडळाकडे होता. मात्र १९११ च्या घटनादुरुस्तीने तेथील नागरिकांना कायद्याचा प्रस्ताव थेट मतदानास ठेवण्याचा अधिकार मिळाला होता. या अधिकाराच्या बळावर पुनर्रचनेचे काम विधिमंडळाकडून कसे काढून घेण्यात आले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
२००१ मध्ये दोन्ही प्रमुख पक्षांनी संगनमताने विद्यमान सदस्यांना सुरक्षित ठरतील अशा सीमा आखल्या. परिणामी नोव्हेंबर २००४ मध्ये विधिमंडळ व अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या मिळून १५३ जागांसाठी निवडणूक झाली, तेव्हा एकाही जागेवर पक्षबदल झाला नाही. सुधारणेचे प्रस्ताव १९८२, १९८४ व १९९० मध्ये फेटाळले गेले होते. तीन निवृत्त न्यायाधीशांकडे हे काम सोपविणारा २००५ चा प्रस्ताव क्र. ७७ देखील सुमारे ६० टक्के मतदारांनी नाकारला. गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचा त्यास पाठिंबा होता.

प्रस्ताव क्र. ११ :
४ नोव्हेंबर २००८ रोजी मतदानास आलेल्या या प्रस्तावात न्यायाधीशांऐवजी नागरिकांचा आयोग सुचविण्यात आला. प्रतिनिधिगृहाचे मतदारसंघ त्यातून वगळल्याने तेथील सदस्यांच्या विरोधाची धार बोथट झाली. आयोगात १४ सदस्य असतात : दोन मोठ्या पक्षांचे प्रत्येकी पाच व अन्य चार. पहिल्या आठ सदस्यांची निवड चिठ्ठ्या काढून होते आणि ते उरलेल्या सहा जणांना निवडतात. आराखडा संमत होण्यासाठी तिन्ही गटांतील किमान तिघांची संमती लागते. हा प्रस्ताव जेमतेम ५१ टक्के मतांनी संमत झाला. २०१० मध्ये प्रस्ताव क्र. २० ने प्रतिनिधिगृहाचे मतदारसंघही आयोगाकडे आले. त्याच दिवशी आयोग बरखास्त करू पाहणारा प्रस्ताव क्र. २७ फेटाळला गेला.

२०२५ चा कौल :
टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षास अनुकूल अशी फेररचना केली. प्रत्युत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅटिक नेतृत्वाने प्रस्ताव क्र. ५० मांडला. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी सुमारे ६४ टक्के मतदारांनी तो संमत केला. त्यामुळे २०२६, २०२८ व २०३० या निवडणुकांपुरता प्रतिनिधिगृहासाठी विधिमंडळाचा आराखडा लागू झाला. राज्य विधिमंडळाचे मतदारसंघ आयोगाच्या आराखड्यानुसारच राहिले.

निष्कर्ष :
ज्या मतपेटीने आयोगास जन्म दिला, तिनेच त्याचा एक अधिकार काही काळ काढून घेतला. २००८ मध्ये प्रश्न राज्यांतर्गत न्याय्यतेचा होता, तर २०२५ मध्ये तो राज्याराज्यांतील स्पर्धेचा झाला. शेजाऱ्याने संयम सोडल्यावर एकट्या राज्याने तो पाळावा काय, याचे उत्तर राज्यस्तरीय सुधारणेत सापडत नाही. सर्व राज्यांना सारखेच बंधनकारक नियम नसतील, तर अशी सुधारणा अपुरीच राहते, असे म्हणावे लागेल.