सरोवरवारे : धुराची वाट आणि वादळांची रेषा

मार्च महिन्यात मुंबईचा पारा एकाएकी ३८-३९ अंशांवर जातो, तेव्हा वेधशाळेकडून बहुधा एकच कारण सांगितले जाते : समुद्रावरून येणारे वारे उशिरा सुरू झाले. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे आणि रात्री उलट दिशेने जाणारे मतलई वारे यांची ओळख शालेय भूगोलापासून सर्वांना असते. हाच व्यापार गोड्या पाण्याच्या विस्तीर्ण सरोवरांच्या काठीही चालतो, हे मात्र फारसे परिचित नाही. त्या वाऱ्यांना 'खारे' म्हणता येणार नाही. 'सरोवरवारे' हाच शब्द त्यातल्या त्यात योग्य. त्यांचा सर्वाधिक अभ्यास झाला तो उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांच्या परिसरात. तेथे या वाऱ्यांनी कोणाला गारवा दिला, कोणाच्या वाट्याला दुसऱ्याचा धूर आला आणि कोणाच्या शिवारावर गारा पडल्या, याचा हिशेब गेली पन्नास-साठ वर्षे मांडला जात आहे.

सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टॅरिओ या पाच सरोवरांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ चार-पंचमांश. एकटे मिशिगन सरोवर दक्षिणोत्तर सुमारे ४९० किलोमीटर लांब आहे. या जलाशयांच्या काठावर वा परिसरात शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट, क्लीव्हलँड, टोरांटो अशी महानगरे वसली आहेत.

मे आणि जून हे या वाऱ्यांचे खास महिने. हिवाळ्यात गोठणबिंदूपर्यंत निवलेले खोल पाणी सावकाश तापते. जमिनीवर पारा तिशीकडे झुकलेला असताना सरोवराच्या मध्यभागी पाणी दहा अंशांच्या आसपास असू शकते. जमिनीवरची हवा तापून वर जाते, तेथील हवेचा दाब किंचित उतरतो आणि सरोवरावरची थंड, जड हवा किनाऱ्याकडे सरकू लागते. सकाळी उशिरा सुरू होणारा हा प्रवाह जमिनीपासून काही शे मीटर, फार तर हजारेक मीटर उंचीपर्यंतच असतो. त्याच्या वर हवा उलट दिशेने सरोवराकडे परतते. सूर्यास्ताच्या सुमारास सारे थंडावते.

हा वारा रोज सुटत नाही. मुळातच जोराचा वारा वाहत असेल तर तापमानातील फरकाचे काही चालत नाही. १९६२ मध्ये बिग्ज आणि ग्रेव्ह्ज या दोन संशोधकांनी ईरी सरोवराच्या पश्चिम भागातील नोंदींवरून यासाठी एक सोपा निर्देशांक सुचविला. वाऱ्याच्या वेगाचा (सेकंदाला मीटरमध्ये) वर्ग करावा आणि त्याला जमीन व पाणी यांच्या तापमानातील फरकाने भागावे. उत्तर साधारण तीनच्या आत असेल तर सरोवरवारा सुटण्याची शक्यता, त्याहून अधिक असेल तर नाही. फरक दहा अंश आणि वेग पाच मीटर असेल तर उत्तर अडीच येते, वारा सुटतो. वेग दहा मीटर असेल तर उत्तर थेट दहावर जाते. हवामानशास्त्रात इतके सुटसुटीत गणित क्वचितच हाती लागते.

सरोवराकडून आलेली थंड हवा आणि जमिनीवरची उष्ण हवा एकमेकींत सहजासहजी मिसळत नाहीत. दोघींच्या मध्ये एक अरुंद सीमा तयार होते. हवामानशास्त्रज्ञ तिला 'आघाडी' म्हणतात. राजकारणातील आघाडीपेक्षा ती बरीच ठाम असते. ती ओलांडून जाताच काही मिनिटांत तापमान अनेक अंशांनी उतरते, वाऱ्याची दिशा फिरते आणि आर्द्रता बदलते. शिकागोच्या उन्हाळी अंदाजात 'सरोवराकाठी अधिक गारवा' हे शब्द ठरलेले असतात. मात्र शहराच्या पश्चिम उपनगरांत त्याच वेळी अंगाची लाही होत असते. महानगराच्या स्वतःच्या उष्णतेमुळे ही आघाडी शिकागोवर रेंगाळते, असे अलीकडच्या निरीक्षणांत आढळले आहे. गारव्याची सर्वाधिक गरज असते तेथेच तो उशिरा पोहोचतो.

हवेच्या प्रदूषणात या वाऱ्यांची भूमिका गुंतागुंतीची आहे. जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. वाहने व कारखान्यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो तयार होतो. भर शहरात वाहनांतून ताजे नायट्रिक ऑक्साइड सतत बाहेर पडत असते आणि तेच ओझोनचा फडशा पाडते. त्यामुळे महानगराच्या मध्यभागापेक्षा वाऱ्याच्या दिशेला दूरवर असलेल्या गावांत ओझोन अधिक भरतो. दमा आणि फुप्फुसांचे विकार असलेल्यांना, मुलांना आणि उन्हात काम करणाऱ्यांना त्याचा त्रास होतो.

मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला शिकागो आणि गॅरी हा औद्योगिक पट्टा आहे. पहाटेचा जमिनीकडील वारा तेथील धूर सरोवरावर नेऊन ठेवतो. थंड पाण्याला लागून असलेली हवा थंड आणि तिच्यावरची उबदार, अशी तापमानाची विपरीतता तेथे असते. झाकण घातलेल्या पातेल्यासारखी ही स्थिती! वरच्या हवेशी मिसळण्याची सोय नाही, वर ढगांची सावली नाही आणि ओझोन शोषून घ्यायला झाडेझुडपे नाहीत. पाणी ओझोन फारच मंद गतीने शोषते. सकाळभर ही रासायनिक भट्टी सरोवरावर चालू राहते आणि नैर्ऋत्येकडील वारा तिला उत्तरेकडे ढकलतो. दुपारी सरोवरवारा सुटला की तयार झालेला ओझोन पश्चिम किनाऱ्यावरील गावांत उतरतो. पूर्वेकडील मस्कीगन व ॲलिगन या परगण्यांत तर तो पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर थेटच पोहोचतो.

वॉल्टर लायन्स आणि हेन्री कोल यांनी सत्तरच्या दशकातच हे चक्र दाखवून दिले होते. १९९१ च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या ओझोनचा मोठा क्षेत्रीय अभ्यास झाला. २०१७ च्या मे-जूनमध्ये नासाचे विमान, सरोवरावरील जहाज आणि झायन व शेबॉयगन येथील भूकेंद्रे यांच्या साह्याने तो नव्याने करण्यात आला. मधल्या काळात वाहने व वीजकेंद्रांतील उत्सर्जन बरेच घटले होते. तरीही किनारपट्टीवरील केंद्रे मर्यादा ओलांडतच होती.

त्यांपैकी शेबॉयगनची कथा उद्बोधक आहे. विस्कॉन्सिन राज्यातील हे मध्यम आकाराचे शहर शिकागोपासून सुमारे दोनशे किलोमीटर उत्तरेला आहे. तेथील कोहलर-अँड्रे राज्य उद्यानात, वाळूच्या टेकड्यांच्या सान्निध्यात असलेले मापन केंद्र राज्यातील सर्वाधिक ओझोन नोंदविणाऱ्या केंद्रांपैकी एक आहे. भोवती ना कारखाना, ना रहदारी. अमेरिकेत २०१५ मध्ये ठरलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने एक अब्ज भागांत ७० भाग इतकी आहे. ती ओलांडली गेल्याने नव्या उद्योगांना कडक अटी लागू होतात आणि वाहनांना धूरचाचणी सक्तीची होते. धूर शिकागोचा आणि दंड शेबॉयगनला, अशी तेथील तक्रार आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही. किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत दुसरे केंद्र उभारल्यावर तेथील आकडे कमी निघाले. २०१८ मध्ये तर परगण्याची केवळ किनाऱ्यालगतची पट्टीच प्रदूषित क्षेत्र म्हणून घोषित झाली. एकाच परगण्यात दोन प्रकारची हवा असते, हे सरोवरवाऱ्याच्या स्वभावाला धरूनच आहे. परंतु सीमारेषा नेमकी कोठे आखावी, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात एका राज्याच्या धुराने दुसऱ्याला बाधा होऊ नये, असे शेजारधर्माचे कलम आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२३ मध्ये आखलेल्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये स्थगिती दिली.

किनाऱ्यावरील वीजकेंद्रांबाबत आणखी एक धोका असतो. उंच धुराड्यातून निघालेला धूर सरोवरावरच्या स्थिर हवेत न विखुरता पट्ट्यासारखा जमिनीकडे येतो. आत गेल्यावर तापलेल्या जमिनीवरच्या खळबळत्या थराशी त्याची गाठ पडते आणि तो एकदम खाली ओढला जातो. धुराड्याच्या पायथ्याशी हवा स्वच्छ आणि काही किलोमीटर दूर गावात धुरी, असा हा प्रकार. धुराडे उंच बांधले की प्रश्न मिटला, या समजाला तो छेद देतो.

आता वादळांकडे. उन्हाळी दुपारी उपग्रहाने टिपलेल्या चित्रात जमिनीवर राशिमेघांचे पुंजके दिसतात; सरोवर आणि त्याच्या काठची पट्टी मात्र पुसून काढावी तशी निरभ्र असते. थंड हवेच्या या पट्टीत ढग वाढत नाहीत. पण पट्टीच्या कडेवर, म्हणजे आघाडीच्या रेषेवर, उष्ण हवा वर उचलली जाते आणि तेथे गर्जन्मेघ उभे राहतात. दोन सरोवरांकडून आलेल्या आघाड्या एकमेकींना भिडल्या तर उचल अधिकच जोरकस होते.

कॅनडाच्या दक्षिण ऑन्टॅरिओ प्रांतात ही स्थिती वारंवार येते, कारण हा भूभाग ह्युरॉन, ईरी, सेंट क्लेअर आणि ऑन्टॅरिओ या सरोवरांच्या कोंडाळ्यात आहे. १९९७ आणि २००१ च्या उन्हाळ्यांत तेथे सरोवरवारे आणि तीव्र हवामान यांचा खास अभ्यास झाला. सरोवराची हवा नेहमी पोहोचते तेथे टोर्नेडो कमी आणि दोन सरोवरांच्या आघाड्यांमधील पट्ट्यात अधिक, असा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये डेट्रॉइट-विंडसर सीमेलगत हवा व हवामान यांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात सुमारे नव्वद टक्के दिवशी सरोवरवारे आढळले आणि काही आघाड्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत शिरल्या होत्या. हे वारे म्हणजे किनाऱ्यापुरती झुळूक, ही जुनी कल्पना त्याने मोडीत निघाली.

तरीही सरोवराला वादळांपासूनची ढाल मानणे घातक ठरते. २१ ऑगस्ट २०११ रोजी ह्युरॉन सरोवरावरून आलेला टोर्नेडो काठावरच्या गॉडरिच गावात थेट घुसला. त्याची तीव्रता एफ-३ श्रेणीची होती. गावाच्या मध्यवर्ती चौकाची वाताहत झाली आणि एकाचा बळी गेला. सुसंघटित, दूरवरून चालून आलेल्या वादळाला खालच्या थंड थराची फारशी तमा नसते. ऑगस्टमध्ये पाणीही बरेच तापलेले असते.

अंदाज वर्तविणाऱ्यांची अडचण ही की, दोन मापन केंद्रांमधील अंतरापेक्षा ही आघाडी कितीतरी अरुंद असते. संगणकीय प्रारूपाची जाळी चार किलोमीटर वा त्याहून बारीक असली तरच ती नीट उमटते, आणि पाण्याचे तापमान चुकीचे भरले तर बारीक जाळीही उपयोगी पडत नाही. २०१५ मध्ये टोरांटो येथे झालेल्या पॅन-अमेरिकन क्रीडास्पर्धांच्या वेळी कॅनडाच्या हवामान खात्याने याच हेतूने शहर व परिसरात जादा केंद्रांचे जाळे विणले होते. एरवी अंदाजकारांच्या मदतीला एक अनपेक्षित साक्षीदार येतो. आघाडीच्या रेषेवर गोळा झालेले कीटक आणि धूळ रडारवर बारीक रेघेसारखे दिसतात. पाऊस पडण्यापूर्वीच ही रेघ आत सरकताना दिसू लागते, आणि दुपारचे पहिले गर्जन्मेघ अनेकदा तिच्यावरच उगवतात.