पुंडलिकनगर आणि काळी सायकल

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) गारखेडा भागात, सिडको एन-4 ला लागून पुंडलिकनगर वसले आहे. या वस्तीच्या वाढीत जुन्या सायकलीचा वाटा मोठा आहे. 1972 मध्ये नव्या औरंगाबादच्या नियोजनाचे काम सिडको या नगरविकास महामंडळाकडे आले. पूर्वेला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत भरत गेली आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या कुटुंबांनी या बाजूला गुंठा-अर्ध्या गुंठ्यात घरे बांधली. कारखान्याचा भोंगा कुणासाठी थांबत नसे, शहर बसचा भरवसा नसे आणि नवी सायकल पगाराला जड जाई. अशा घरांत जुनी सायकल स्वस्तात घेऊन दुरुस्त करण्याची रीत रुजली.

28 इंची चाके, काळा रंग आणि सळईचे ब्रेक ही या सायकलीची ओळख. तिचा मूळ आराखडा इंग्रजी आहे. सारख्या मापाची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी ही रचना जॉन केम्प स्टार्लीच्या 1885 च्या ‘रोव्हर’ने रूढ केली. रॅले, हर्क्युलस, हंबर या सायकली भारतात विलायतेहून येत. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टीआय (1949), आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची अ‍ॅटलस (1951) आणि लुधियानाची हीरो (1956) यांनी जवळपास तोच साचा चालवला. कारखाने नवे आले, मापे मात्र फारशी हलली नाहीत. त्यामुळे एका कंपनीचे पायडल, साखळी किंवा चाक दुसऱ्या कंपनीच्या फ्रेमला बसे. गरिबाची सायकल तीस-चाळीस वर्षे टिकली ती याच गुणामुळे. लोखंडाच्या जाडीला त्याचे श्रेय थोडेच.

अशी सायकल पुन्हा उभी करायची म्हणजे आधी ती पूर्ण सुटी करायची. हब, हँडलचे कप आणि पायडलमधला एक्सल रॉकेलमध्ये धुऊन झिजलेले छर्रे बदलतात आणि नवे ग्रीस भरतात. क्रँक कॉटरपिनने धरलेला असतो. पिन झिजली की प्रत्येक फेऱ्याला ‘कट’ असा आवाज येतो. ती बदलायला काही मिनिटे पुरतात. फ्रीव्हीलमधले ‘कुत्रे’, म्हणजे दात्यांत अडकणारे खटके, घसरू लागले तर पायडल रिकामे फिरते. खरे कसब मात्र चाकाचे आउट काढण्यात आहे. एक तार आवळायची, समोरची सैल करायची आणि रिम सरळ फिरेपर्यंत डोळा तिच्यावर ठेवायचा. हे पुस्तकातून येत नाही. दुकानात उस्तादाच्या हाताखाली पंक्चर काढता काढता पोरे ते शिकली, आणि या कारागिरीची नोंद कुठल्याच शाळेने ठेवली नाही, याची खंत वाटते.

सायकल केवळ कामगाराची नव्हती. दूधवाले मागे किटल्या लटकवत. चाकूसुऱ्यांना धार लावणारे तीच स्टँडवर उभी करून, पायडल मारून सहाणेचा दगड फिरवत.

1985 मध्ये शहराच्या पश्चिमेला वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. पुढच्या वर्षांत हप्त्यावर मिळणारी स्कूटर, एम-80 आणि मग मोटारसायकल कामगारांच्या दारात आली आणि काळ्या सायकली भंगारात निघाल्या. 2020 मध्ये अ‍ॅटलसच्या साहिबाबाद कारखान्यातले उत्पादनही थांबले. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात जुन्या सायकली जपलेल्या दिसतात. मराठवाड्यात त्या अजून भंगाराच्या ढिगातून शोधाव्या लागतात.

रोज चालवायला आजही हीच सायकल घ्यावी. स्वस्त गिअरवाल्या सायकलीचे गिअर बदलणारे डिरेलर बिघडले की साध्या दुकानात नेमका भाग मिळेलच असे नाही. जुनी घेताना फ्रेमचे सांधे आणि पुढचा चिमटा नीट पाहावा. तिथे चीर किंवा वाक असेल तर ती सोडून द्यावी. बाकी सगळे बदलता येते.