माल ‘पोचला’, तरी पैशांचा वाद मिटेना

गारखेडा परिसरातील सूतगिरणी चौक, पुंडलिकनगर, उल्कानगरी या भागांत ऑनलाइन मागवलेल्या मालाची पार्सले दिवसभर येत असतात. शहरातील पैठणी व हिमरूचे विक्रेतेही आता याच मार्गाने माल बाहेरगावी पाठवतात. त्यामुळे ‘माल पोचल्याची नोंद आहे, पण हाती काही नाही’ ही ग्राहकाची तक्रार आणि ‘माल दिला, पण पैसे परत गेले’ हे विक्रेत्याचे गाऱ्हाणे, दोन्ही येथे परकी नाहीत.

चार्जबॅक म्हणजे काय?

कार्डाने पैसे भरलेला ग्राहक माल मिळाला नाही, सदोष निघाला किंवा भलताच आला, अशी तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे करू शकतो. ती कार्ड-यंत्रणेमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे जाते आणि वादातील रक्कम विक्रेत्याकडून वळती केली जाते किंवा रोखली जाते. यालाच ‘चार्जबॅक’ म्हणतात. विक्रेत्याने ठरलेल्या मुदतीत पुराव्यासह उत्तर दिले नाही, तर त्याची बाजू खरी असूनही निकाल सहसा विरोधात जातो.

पैसे भरतानाचा ओटीपी येथे पुरेसा ठरत नाही. त्यावरून व्यवहार कार्डधारकाने मंजूर केल्याचे दिसते. माल पोचल्याचे नव्हे. त्यासाठी बिल, कुरिअरची पावती व त्यावरील वजन, माल सुपूर्द करतानाचा ओटीपी किंवा स्वाक्षरी आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा लागतो. पार्सल कधी रखवालदाराकडे, कधी शेजारी राहिलेले असते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी ग्राहकाशी एकदा बोलून घेणे शहाणपणाचे.

ग्राहकाने काय करावे?

पार्सल फाटलेले असल्यास स्वीकारण्यापूर्वीच छायाचित्र घ्यावे. महागडी वस्तू उघडताना चित्रीकरण करावे. प्रथम तक्रार विक्रेता व संकेतस्थळाकडे लेखी नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यावयाचे असते. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. मात्र एक महिना थांबताना बँकेकडील तक्रारीची मुदत टळणार नाही, याकडे लक्ष हवे. बँकेने 30 दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

आयोगाचा दरवाजा

एवढ्यानेही प्रश्न न सुटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळूरचा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. म्हणजे गारखेड्यातील रहिवाशाला छत्रपती संभाजीनगर सोडावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील देण्याची सक्तीही नाही.

आयोगात असो वा बँकेत, निर्णय होतो तो कागदावर. चारशे रुपयांची वस्तू असो वा चाळीस हजारांची पैठणी, पावती जपणाऱ्याचीच बाजू भक्कम राहते.