चैत्रातला ईस्टर : नगर जिल्ह्यातल्या कॅथोलिक घराचा इतिहास

अहमदनगर आणि ख्रिस्ती धर्म ही दोन नावे एकत्र उच्चारली की मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला बहुधा एकच घर आठवते, आणि ते घर रेव्हरंड टिळकांचे असते. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) इतकी जिवंत आहेत की त्या घराचे अंगण, त्यातली भांडणे, त्यातली माणसांची वर्दळ हाच नगरच्या ख्रिस्ती जीवनाचा संपूर्ण नकाशा आहे, असे आपण नकळत गृहीत धरतो. ते घर प्रॉटेस्टंट होते, लिहित्या-वाचत्या माणसांचे होते, आणि जातीने ब्राह्मण होते. नगर जिल्ह्यातल्या (आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या) बहुसंख्य ख्रिस्ती घरांना यांपैकी निदान शेवटचे वर्णन लागू नव्हते. राहुरी, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या पट्ट्यातल्या कॅथोलिक घरांना तर त्यांतले एकही लागू नव्हते. त्या घरांतून कोणी लक्ष्मीबाई पुढे आल्या नाहीत. ज्या घराने स्वतःविषयी लिहिले नाही त्याचा इतिहास कशाच्या आधारे वाचायचा, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती इतरत्र सापडते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आले; त्याचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले. कॅथोलिक मिशनरी या भागातल्या खेड्यांत पोचले ते जवळपास अर्ध्या शतकानंतर. १८७६-७८ च्या दुष्काळाने महार आणि मांग वस्त्या उघड्या पडल्या होत्या. त्या सुमारास जर्मन जेझुइट धर्मगुरू राहुरी तालुक्यातल्या केंदळ-वळण परिसरात आले. पुण्याचा धर्मप्रांत १८८६ मध्ये स्थापन झाला आणि नगरची खेडी त्याच्या कक्षेत आली. शंभर वर्षांनी, १९८७ मध्ये, ती नव्या नाशिक धर्मप्रांताकडे गेली. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना इंग्रज सरकारने राहू दिले नाही. पुढे त्यांची जागा मुख्यतः स्विस जेझुइटांनी घेतली.

येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. ‘मराठी कॅथोलिक’ म्हटले की वाचकाच्या मनात वसई येते: पोर्तुगीज काळापासूनची चार शतकांहून जुनी परंपरा, डिब्रिटो, आल्मेडा, गोन्साल्विस ही आडनावे, सामवेदी आणि वाडवळी बोली. नगरच्या कॅथोलिकांचे आडनाव बदलले नाही. गायकवाड गायकवाडच राहिले, साळवे साळवेच राहिले; नाशिकच्या पहिल्या बिशपांचे आडनाव भालेराव होते. पोशाख बदलला नाही, बोली बदलली नाही, गावकुसाबाहेरची वस्तीही बदलली नाही. मग बदलले काय? आमच्या मते मुख्यतः दोन गोष्टी बदलल्या: संध्याकाळ आणि पंचांग.

आधी संध्याकाळ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत करीपर्यंत देवळातली मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. केंदळच्या शेतमजुरालाही ती लॅटिनमध्येच ऐकावी लागे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून पुटपुटत, उत्तरे वेदीसेवक मुलगा देई, आणि तीही पाठ केलेल्या लॅटिनमध्ये. शिवाय धर्मगुरू रोज येत नसत. एकेका फादरांकडे कित्येक गावे असत. गावात कायम असे तो ‘मास्तर’. हा मास्तर आठवडाभर एका खोलीत बाराखडी शिकवी आणि रविवारी त्याच खोलीत प्रार्थना चालवी. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या मास्तराइतका महत्त्वाचा आणि इतका दुर्लक्षित माणूस दुसरा नसेल.

म्हणजे देवळाची भाषा परकी होती आणि धर्मगुरू दूर होता. मग या माणसांचा धर्म मराठीत राहिला कोठे? घरात. दिवेलागणीला होणारी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मराठीत होती. पाच दशके, प्रत्येक दशकात दहा वेळा मरियेला नमन; एकाने अर्धे म्हणायचे, बाकीच्यांनी उरलेले पुरे करायचे. या प्रार्थनेला पुस्तक लागत नाही, अक्षरओळख लागत नाही, फादर लागत नाहीत. ती आईला किंवा आजीला येत असली म्हणजे पुरे. चुलीपाशी भाकरी थापतानाही ती चालू शकते, आणि पेंगणाऱ्या मुलाला कोपराने ढोसून जागे करतानाही तिची लय मोडत नाही. लॅटिनच्या काळात नगरच्या कॅथोलिकांचे मराठी देऊळ म्हणजे हे घर, आणि त्याची पुरोहित घरातली बाई, असे विधान आम्ही करू इच्छितो. चर्चच्या कागदपत्रांत बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नोंदी आहेत. या पुरोहित बाईची नोंद त्यांत आई, वधू किंवा मृत व्यक्ती म्हणूनच येते.

‘निरोप्या’ मासिक या घरांपर्यंत पोचणारे पहिले छापील मराठी. ते १९०३ मध्ये केंदळला फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केले. हेच डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. शंभरी ओलांडलेल्या या मासिकाकडे आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांच्या अभ्यासाने फारसे पाहिलेले नाही. ‘ज्ञानोदया’ला विद्वान मिळाले, कारण त्याने वाद घातले, आणि वाद हे संशोधकाचे आवडते खाद्य. ‘निरोप्या’चा वाचक मुख्यतः घरात बसलेला होता. त्याला संतांची चरित्रे हवी होती, सणांच्या तारखा हव्या होत्या. अशा मजकुरातून इतिहास काढणे कठीण असते, पण दैनंदिन जीवनाचा इतिहास काढायचा झाला तर तो अशाच मजकुरातून निघतो.

आता पंचांग. ईस्टरची तारीख ठरते ती वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेपाठचा रविवार. म्हणून हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो. हे वाक्य युरोपातल्या पुस्तकात वाचताना कोरडे वाटते. राहुरीच्या पंचांगाशेजारी ठेवले की वेगळे दिसते. ती पौर्णिमा आपली चैत्री पौर्णिमा असते, आणि अधिक मासाच्या गणिताने कधी फाल्गुनी. २०१८ मध्ये ३१ मार्चला हनुमान जयंती होती आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर. २०२३ मध्ये हनुमान जयंती आणि आज्ञागुरुवार हे एकाच दिवशी, ६ एप्रिलला आले. २०२४ मध्ये ज्या रविवारी, २४ मार्चला, सकाळी झावळ्यांची मिरवणूक निघाली त्याच रात्री गावात होळी पेटली. गावच्या यात्रा-जत्रांचा हंगाम आणि उपवासकाळाचा शेवट एकाच चांदण्यात येतात. मारुतीच्या पारावर चाललेले कीर्तन आणि वस्तीतली क्रूसाची वाट यांचे आवाज एकमेकांत मिसळले असतील, ते याच दिवसांत.

भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस (मधले रविवार न मोजता) हे नगरच्या पठारावर आधीच संयमाचे दिवस असतात. विहिरींचा तळ दिसू लागलेला असतो आणि बाईचा निम्मा दिवस पाण्यात, म्हणजे पाणी आणण्यात, जातो. शुक्रवारी मांस वर्ज्य करावे असा नियम होता. ज्या घरात ते वर्षातून मोजक्या वेळा शिजे, त्या घराने या नियमाकडे कसे पाहिले असेल? आमचा अंदाज असा की त्याने तो आनंदाने पाळला असेल. जे नाइलाजाने सोडावे लागते ते स्वतःहून सोडल्याचे समाधान काही लहान नसते. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सैल केले आणि सक्तीचे उपवास भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवसांवर आणले. घरांनी मात्र आपापले हिशेब चालू ठेवले: कोणी चहा सोडतो, कोणी गोड.

पण याच दिवसांत घराच्या सुखांचाही हंगाम असतो. रब्बीची ज्वारी घरात आलेली असते, गहू नुकता काढलेला असतो. अंगणात बाज टाकून कुरडया, पापड आणि शेवया वाळत असतात. कुरडयांसाठी गहू भिजवून त्याचा चीक शिजवतात. तो गरम चीक वाटीत घेऊन त्यावर साखर किंवा तेल घालून खाणे हे नगरकडच्या मुलांचे चैत्रातले परमसुख. ते मुलगा कोणत्या धर्माचा यावर अवलंबून नाही. उपवासकाळात गोड सोडलेल्या मुलाने साखरेशिवायचा चीक खावा की देवाशी तडजोड करावी, हा पेच मात्र कॅथोलिक घरातच पडू शकतो. कॅनॉलच्या पट्ट्यात याच सुमारास कारखान्याचा पट्टा पडतो, गुऱ्हाळे थांबतात, शेवटची काकवी घरात येते. ईस्टरच्या दुपारी पुरण शिजणार की रस्सा, याची चर्चा आठवडाभर चालते. उपवासकाळात थाटाची लग्ने करू नयेत अशी जुनी शिस्त. म्हणून ईस्टर झाला की लग्नसराई सुटते, आणि ती सुगीनंतरच्या सर्वांच्याच लग्नसराईला येऊन मिळते. पुढे मे महिना मरियेचा. तेव्हा रोझरी अंगणात येते, कारण घरात उकडते.

हरेगावची मतमाउलीची यात्रा सर्वांना माहीत आहे. बेलापूर कंपनीच्या, आता बंद पडलेल्या, साखर कारखान्याच्या या गावात फादर गेरार्ड बाडर यांनी १९४९ मध्ये ती सुरू केली; ८ सप्टेंबरच्या मरियाजन्माच्या सणाच्या आगेमागे तेथे लाखो माणसे जमतात, त्यांत इतर धर्मांचेही असतात. वांद्र्याच्या मोत माउलीशी या नावाचे नाते उघड आहे. पण ‘माउली’ हा शब्द नगरच्या माणसाला वांद्र्याहून आणावा लागला नाही. ज्या नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे हरेगावच्या शेजारच्या तालुक्याचे ठिकाण. याला ‘सांस्कृतिक संगम’ वगैरे म्हणण्याची पद्धत आहे. आम्हाला ती थोडी घाईची वाटते. आईला हाक मारायची झाली तर माणूस ओठांवर असलेला शब्द वापरतो. तो दोन संस्कृतींचा संगम घडवीत नसतो.

परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली आणि तबला-पेटी देवळात गेली. ना. वा. टिळकांची पदे, जी प्रॉटेस्टंट घरांत दोन पिढ्या गायली जात होती, ती आता कॅथोलिकांच्याही कंठात बसली. या घराला टिळकांचे घर भेटले ते असे, पदांतून, टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) चार-पाच दशकांनी.

मात्र त्याच काळात दुसरा एक कागद या घरात शिरला होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठरवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना अजून नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. गावाने जात विसरली नव्हती, सरकारने ती मानली नाही. परिणामी शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचे, हा प्रश्न जूनमध्ये मुलाचे नाव घालण्याआधी, म्हणजे मे महिन्यातच, घरात चर्चेला येतो. एक नाव बाप्तिस्म्याच्या वहीत, दुसरे दाखल्यावर, असे अनेक घरांत झाले. रोझरी संपल्यावर, मुले बाजेवर आडवी झाल्यावर, आईवडील हलक्या आवाजात ज्या गोष्टी बोलतात त्यांत ही एक होती. ती ‘निरोप्या’त शोधायची, दाखल्यांत शोधायची की सत्तरी ओलांडलेल्या बायकांना विचारायची, हे संशोधकाने ठरवावे. आम्ही तिसऱ्या मार्गाने सुरुवात करू, कारण पहिले दोन मार्ग दहा वर्षांनीही मोकळे असतील.